गाऱ्हाण्याची लेव्हल

कोकणी माणूस दोनच पट्ट्यांत बोलतो. शेजाऱ्याच्या सातबाऱ्याबद्दल बोलतो ती पट्टी पडवीतून ओटीवरही ऐकू येत नाही. त्याच शेजाऱ्याशी बोलतो ती वाडी ओलांडून खाडीपलीकडे जाते. कॅमेरेवाल्यांना याचा सुगावा लागला असावा. मोठ्या कॅमेऱ्यावर आवाजासाठी तांदळाच्या दाण्याएवढा एक खटका असतो. त्याच्या मुख्य जागा दोनच: माइक आणि लाइन.

माइकमधून येणारा सिग्नल काही मिलिव्होल्टचा असतो. व्यावसायिक मिक्सरमधून निघणारा लाइनचा सिग्नल १.२३ व्होल्टचा, म्हणजे शेकडो पट तगडा. माइक लाइनवर लावला तर रेकॉर्डिंगमध्ये नुसती खरखर. लाइन माइकवर लावली तर आवाज फाटतो, आणि फाटलेला आवाज एडिटिंगला कितीही पैसे मोजले तरी सांधत नाही.

रत्नागिरीत याची खरी परीक्षा शिमग्यात. पालखी सहाणेवर बसते, ढोल-ताशे थांबतात आणि मानकरी गाऱ्हाणं घालायला उभे राहतात. कोणाचं लग्न जमत नाही, कोणा चाकरमान्याची मुंबईतली खोली अडकली आहे, सगळं हळू आवाजात देवाच्या कानावर घातलं जातं. शूटिंगवाला लेव्हल वाढवत वाढवत बार हिरव्यात आणतो, आणि तेवढ्यात सगळा गाव एका दमात गरजतो, "व्हय म्हाराजा!"

"आवाज घेतोस ना रे?" अण्णा विचारतात.

"घेतोय, अण्णा."

"मग तो दिवा लाल कशाला झालाय?"

"गाव बोलला, अण्णा."

"ऑटोवर टाक," असा सल्ला अशा वेळी हमखास मिळतो. ऑटो म्हणजे गावचा पंच. मोठ्याने बोलणाऱ्याला तो दाबतो आणि सगळे गप्प झाले की कोपऱ्यातल्याला बोलतं करतो. त्यामुळे गर्जनेनंतरचे गाऱ्हाण्याचे पहिले चार शब्द गायब होतात, आणि मानकरी श्वास घ्यायला थांबले की मागच्या बायकांचं आंब्याच्या मोहोरावरचं संभाषण खणखणीत रेकॉर्ड होतं.

हल्ली साऊंडवाल्याच्या मिक्सरमधूनच वायर ओढतात. कल्पना उत्तम, पण हॅन्डीकॅमचं साडेतीन मिलिमीटरचं भोक बहुधा माइकपुरतंच असतं. मध्ये ४० डेसिबलचा पॅड लावला की व्होल्टेज शंभराव्या हिश्शावर येतं आणि कॅमेऱ्याला झेपतं. काही मोठ्या कॅमेऱ्यांवर ४८ व्होल्टची तिसरी जागाही असते. ती कंडेन्सर माइकला वीज पुरवण्यासाठी. मिक्सरची वायर लावताना तिच्या वाटेला जाऊ नये.

तेव्हा शूटिंगवाल्या मित्रांनो, लेव्हल गाऱ्हाण्यावर लावू नका, होकारावर लावा. पालखी बसण्याआधी जमलेल्या मंडळींना एकदा "व्हय म्हाराजा" म्हणायला सांगा. या कामाला कोणी नाही म्हणत नाही. त्या गर्जनेला बार उणे १२ डेसिबलच्या आसपास राहील असं बघा. हळू आलेलं गाऱ्हाणं नंतर थोडं वाढवता येतं. आणि हेडफोन कानाला लावा, गळ्यात शोभेला नको.