रसग्रहण, गुण दहा

मुंबई विद्यापीठाच्या प्रथम वर्ष कला शाखेच्या मराठीच्या अभ्यासक्रमात, अगदी सुरुवातीलाच, एक वचन दिलेलं असतं : ही पत्रिका पूर्ण केल्यावर विद्यार्थी साहित्यकृतीचा आस्वाद घेऊ शकेल. सत्राच्या पहिल्या तासाला मी हे वाक्य वर्गात वाचून दाखवतो. पेणच्या स्टँडवर कंडक्टरने ‘गाडी वेळेवर सुटेल’ म्हटल्यावर लोक ज्या नजरेने बघतात, त्याच नजरेने वर्ग माझ्याकडे बघतो. अविश्वास नाही, पण पिशव्या कोणी उचलत नाही.

मी तासिका तत्त्वावरचा मास्तर. सकाळी पेण, दुपारी रोहा. दिव्याहून येणाऱ्या गाडीची वेळ जुळली तर गाडीने, नाहीतर एसटीने. कासू, नागोठणे, निडी अशी स्टेशनं मागे पडत असताना मांडीवर स्वाध्यायांचा गठ्ठा ठेवून मी आस्वाद मोजत असतो. मोजमाप अगदी चोख आहे. पत्रिका ४ श्रेयांकांची, म्हणजे ६० तासांची. १०० गुणांपैकी ४० अंतर्गत, ६० सत्रान्त परीक्षेचे. दोन्हीकडे वेगवेगळं पास व्हायचं. इकडे किमान १६, तिकडे २४. हजेरी ७५ टक्के. नाहीच जमलं तर एटीकेटी आहे. आणि सगळ्यात वरची श्रेणी ‘ओ’. ती इंग्रजी अक्षरात छापलेली असल्यामुळे पहिला निकाल बघून घरचे म्हणतात, ‘मराठीत भोपळा?’

साहित्य शिकवणाऱ्याने नियमांना नाक मुरडावं अशी एक रीत आहे. मला ती पटत नाही. नियम नव्हते तेव्हा मास्तरांची मर्जी होती, आणि मर्जीला एटीकेटी नसते. पहिल्या बाकावर बसून मान डोलावणाऱ्याला आणि शेवटच्या बाकावर बसून खिडकीबाहेर बघणाऱ्याला एकाच तक्त्यावर गुण द्यावे लागतात हे चांगलंच आहे. खिडकीबाहेर बघणारा कित्येकदा जास्त ऐकत असतो. फक्त त्या तक्त्यात तसा रकाना नाही.

हजेरीचं मात्र पेण-रोह्याच्या हवेशी जमत नाही. पहिलं सत्र जून-जुलैत सुरू होतं, आणि नेमका तेव्हाच पेणकडे गणपतीच्या कारखान्यांत हातघाईचा मोसम. हमरापूर-जोह्याकडची पोरं रात्रभर रंगाला बसतात आणि सकाळी माझ्या तासाला येऊन शांत झोपतात. एकाला उठवून विचारलं, तर म्हणाला, ‘सर, आखणी चालू आहे.’ आखणी म्हणजे मूर्तीचे डोळे. ते काम कारखान्यात सगळ्यांच्या हाती देत नाहीत. हात थरथरला की मूर्ती बघेनाशी होते. मी त्याला झोपू दिलं. रोह्याकडे याच दिवसांत भातशेती. गैरहजेरीच्या अर्जावर ‘लावणी होती’ एवढंच कारण असतं, आणि मराठीचा मास्तर क्षणभर उगाच सुखावतो. धाटावच्या एमआयडीसीत पाळी करून येणाऱ्यांची गोष्ट निराळीच. ते झोपतही नाहीत, नुसते बघत बसतात.

परीक्षा या विषयात आमच्या या टापूने दोन टोकं आधीच गाठून ठेवली आहेत. पेण तालुक्यातल्या गागोद्याला ११ सप्टेंबर १८९५ रोजी विनोबा जन्मले. त्यानंतर चारच महिन्यांनी, १४ जानेवारी १८९६ ला, चिंतामणराव देशमुख जन्मले, ते महाडजवळच्या नात्याला. पण बालपण गेलं रोह्यात. देशमुख १९१२ साली मॅट्रिकला मुंबई विद्यापीठात पहिले आले आणि संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती त्यांनी मिळवली. त्या यशावर राम गणेश गडकऱ्यांनी कविता लिहिली. म्हणजे कवितेवर गुण मिळवणारे पुष्कळ, पण गुणांवर कविता मिळवणारा रोह्याचाच. पुढे केंब्रिज, मग १९१८ ला आयसीएसमध्ये पुन्हा पहिला क्रमांक, मग रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, अर्थमंत्री. आणि १९५६ पासून विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष! श्रेयांकांचं हे सगळं शास्त्र आज ज्या आयोगाकडून आमच्यापर्यंत येतं, त्याच्याच अध्यक्षाच्या खुर्चीत रोह्याचा माणूस बसला होता. फरक इतकाच, की या माणसाने ‘मेघदूता’चं मराठी पद्यात भाषांतरही केलं होतं. त्याचे गुण कोणी मागितले नव्हते.

विनोबांचं उलट. बडोद्याला असताना त्यांनी आपली प्रमाणपत्रं आईच्या चुलीत घातली. १९१६ साली इंटरच्या परीक्षेसाठी मुंबईच्या गाडीत बसले, सुरतेला उतरले आणि काशीला निघून गेले. आजच्या तक्त्यात हे बसवायचं म्हटलं, तर अंतर्गत गुण उत्तम, सत्रान्त परीक्षेला गैरहजर, निकाल राखीव. तो निकाल राखीव असतानाच त्यांनी १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात गीतेवर अठरा प्रवचनं दिली. दर रविवारी एक, आणि लिहून घ्यायला समोर साने गुरुजी. मराठीत कुठल्याही वर्गात याहून चांगल्या नोट्स निघाल्या असतील असं मला वाटत नाही. हजेरीची काळजी सरकारनेच घेतलेली होती.

माझ्या वर्गात विनोबा नाहीत आणि देशमुखही नाहीत; २४ गुणांच्या आसपास उभी असलेली, घरात कॉलेजला गेलेली पहिलीच पिढी आहे. मी कविता वाचत असतो, वर्ग शांत झालेला असतो, आणि मागून प्रश्न येतो : ‘सर, हे किती मार्कांना?’ पूर्वी मला राग यायचा. आता सांगतो, ‘रसग्रहण, दहा.’ दहा म्हटल्यावर माना वर होतात. तेवढ्यात पुढचं कडवं वाचून टाकायचं. लिहून येतं ते मात्र पूर्वी गाईडातून यायचं, आता मोबाइलमधून येतं. ‘सदर कवितेतून मानवी जीवनाचे बहुआयामी दर्शन घडते.’ पावसाच्या कवितेतही घडतं, भाकरीच्या कवितेतही घडतं. त्याला मी दहातले चार देतो, पास होण्यापुरते. वाक्य खोटं आहे असं कुठे म्हणता येतं?

२०२४-२५ पासून नवं शैक्षणिक धोरण आमच्याकडेही लागू झालं आणि प्रकल्पांचा बोलबाला वाढला. आखणीवाल्या त्या मुलाने कारखान्यातल्या शब्दांवर चार पानं लिहून आणली. अक्षर वाकडं, पण एकही ओळ मोबाइलची नाही. रंग पातळ झाला तर काय म्हणतात, मूर्ती ओली असताना काय बोलायचं नाही, डोळे काढणाऱ्याला त्या वेळी कोणी हाक का मारत नाही. निडी स्टेशन कधी गेलं कळलं नाही. मग तक्ता काढला. मांडणी, आशय, भाषा, संदर्भ, प्रत्येकी पाच. पहिल्या तीन रकान्यांत फार विचार करावा लागला नाही. संदर्भसूचीत एकच नोंद होती : ‘आजोबा. कारखाना, हमरापूर.’ नियमाप्रमाणे लेखक, ठिकाण आणि प्रकाशनवर्ष हवं. वर्षाच्या जागी त्याने कंसात लिहिलं होतं : हयात.

पाचपैकी पाच.