कौलाविना जत्रा

मालवणी जत्रोत्सव हा मुंबईच्या पूर्व उपनगरांत, म्हणजे कांजूरमार्ग, भांडुप, मुलुंड या पट्ट्यात, थंडीत भरणारा खाद्यमेळा होय. कोकणातली जत्रा देवाची असते. आंगणेवाडीच्या भराडी देवीच्या जत्रेची तारीख पंचांग पाहून ठरत नाही, देवीचा कौल घ्यावा लागतो. उपनगरी जत्रेची तारीख मैदान कधी मोकळे आहे आणि शनिवार-रविवार कुठे येतो, यावरून ठरते. कौल घ्यायचाच, तर तो स्थानिक नेत्याचा. त्याचा फोटो कमानीवर देवापेक्षा मोठा असतो.

मुख्य विधी खाण्याचा. कोंबडी-वडे, तळलेला बांगडा, सोलकढी, शिरवाळे, खाजे. घरी कुळथाची पिठी पाहून नाक मुरडणारी पिढी इथे तीच पिठी पैसे मोजून, फोटो काढून खाते. सुक्या मासळीच्या वासाबद्दल सहसा कोणी तक्रार करत नाही. कांजूरच्या कचराभूमीशेजारी राहणाऱ्यांचे नाक मुळात तयार झालेले असते. घरचे नको, बाहेरचे हवे हा खेळ परदेशातही चालतो: परमुलखात गेलेला याच भागातला अभियंता कॅलिफोर्नियातल्या गिलरॉयला, १९७९ साली सुरू झालेल्या लसूण महोत्सवात, लसणीचे आईस्क्रीम कौतुकाने चाटतो. गावच्या लसणीच्या चटणीला मात्र त्याने कधी रांग लावलेली नसते.

शेवटी दशावतार. गावी तो पहाटेपर्यंत रंगतो. मुंबईत ध्वनिक्षेपक रात्री दहाला बंद करावा लागतो, त्यामुळे राक्षसाला पावणेदहापर्यंत मरावेच लागते.