तुंगारेश्वरात पोर्चिनी

इटलीहून सुट्टीवर आलेल्या भाच्याने जाहीर केलं, की रानात जाऊन बोलेटस शोधायचे. बोलेटस म्हणजे पोर्चिनी अळंब्यांचं खानदान. रान म्हणजे आमचं तुंगारेश्वर, आणि सामान उचलायला मामा.

वसई रोडहून फाट्यापर्यंत रिक्षात त्याचं व्याख्यान चाललं. छत्री उलटी करून बघायची. पात्या दिसल्या तर नापास, स्पंजासारखी बारीक भोकं दिसली तर पास. काही जाती कापल्या की निळ्या पडतात.

"म्हणजे विषारी?"

"मामा, निळेपणावरून विष ठरत नाही."

चांदीचा चमचा काळा पडतो का, ही आजीची कसोटीही त्याने बाद केली. त्यात त्याचं बरोबरच होतं.

तुंगारेश्वर २००३पासून अभयारण्य आहे. तिथलं काही उचलायचं नाही, म्हणून प्रत्येक छत्रीखाली बघायला भाचा चिखलात आडवा होई. धबधब्यावरच्या सहलकऱ्यांना वाटलं, गडी चक्कर येऊन पडला. एका काकूंनी लिंबू सरबत पाजलं. पुढे ओंडक्यावर भोकंवालं काहीतरी दिसलं आणि तो ओरडलाच. हात लावला तर लाकडाइतकं कडक! तीही बुरशीच, पण शिजवायला कुकर नाही, सुतार लागला असता.

खरी अडचण सोयरिकीची. बहुतेक बोलेटस झाडांच्या मुळांशी संसार थाटतात, आणि त्यांना स्थळ हवं ओक, पाइन, साल असं. इथे साग, ऐन आणि खैर. पत्रिका जुळायची कशी?

परतताना फाट्यावर पाड्यावरची एक मावशी सागाच्या पानावर अळंबी मांडून बसली होती. भाच्याने एक उलटं केलं.

"पात्या आहेत. सोडा."

"सोडतो कशाला? खातात त्याला," मावशी म्हणाली.

"कुठे मिळालं?"

"रानात."

"रानात कुठे?"

"रानातच."

हे अळंबं वारुळातलं. वाळवी जमिनीखाली पालापाचोळ्याच्या चोथ्यावर ही बुरशी पिकवते, आणि पाऊस लागला की छत्र्या वर येतात. माणसाला ही शेती अजून साधलेली नाही, त्यामुळे वारुळाचा पत्ता घराबाहेर जात नाही. रात्री कांदा, हळद, तिखट घालून रस्सा झाला. पोर्चिनीवाल्याने ताट पुसून खाल्लं.

तेवढं एक लक्षात ठेवा. सोसायटीच्या हिरवळीवर पावसात मोठाल्या पांढऱ्या छत्र्या उगवतात. त्यातली एक जात मोठी झाली की पात्यांवर हिरवट झाक येते, कोवळेपणी मात्र ती अगदी खाण्याजोगी दिसते. ती खाल्ली तर उलट्या-जुलाबांनी दवाखाना गाठावा लागतो. अळंबी खायचीच तर ओळखीच्या मावशीकडून घ्या, हिरवळीवरची तोडू नका.