सौंदर्य, दर चौरस फूट

मुंबईतल्या उड्डाणपुलाच्या खांबावर काय काढायचं याचे नियम कुठे छापलेले नाहीत, पण ते सगळ्यांना पाठ आहेत. फ्लेमिंगो चालतो. डबेवाला चालतो. लोकल, गेटवे, टोपलीवाली कोळीण चालते. वारली तर चालतेच, कारण कंत्राटदाराच्या मते तिला एकच रंग लागतो आणि हात चुकला तरी ती परंपराच दिसते. एवढ्यात खांब संपतो. खालचे तीन फूट लोकसहभागासाठी राखीव असतात. तिथे कात, चुना आणि तंबाखू या स्थानिक माध्यमांत रोज नवं काम होतं, त्याला निविदा लागत नाही आणि निधीअभावी ते कधी थांबलेलंही नाही. फ्लेमिंगोचे पाय मुळात तांबूस असल्यामुळे एक शैली कुठे संपते आणि दुसरी कुठे सुरू होते, हे जाणकारालाही सांगता येत नाही.

कलेमुळे शहरं बहरतात, असं जगभरचे तज्ज्ञ बरीच वर्षं सांगत होते. आम्हाला ते पटलं २०२२ च्या अखेरीस. डिसेंबरात जी-२० ची बैठक मुंबईत भरायची होती. पाहुणे दारात उभे असताना पसारा पलंगाखाली ढकलावा, तशी लगबग सुरू झाली. पाहुण्यांच्या वाटेवरच्या काही वस्त्यांसमोर पडदे लागले. पडदा हीसुद्धा मोठी कला आहे, मराठी माणसाला ती नाटकामुळे चांगली कळते. फक्त नाटकात पडदा उघडतात. त्याच सुमारास साधारण १,७०० कोटींच्या मुंबई सौंदर्यीकरण प्रकल्पाचा गाजावाजा सुरू झाला. महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्येच संपलेली, निवडणूक लांबलेली, त्यामुळे सभागृहात प्रश्न विचारायला नगरसेवकच नव्हते. सौंदर्याच्या बाबतीत मतदान घेऊ नये, हे तत्त्व कलाजगतात मान्य आहेच.

प्रकल्पाची कमाल दिसली ती झाडांवर. बुंध्यापासून फांद्यांपर्यंत एलईडीच्या माळा. दिवसा झाड, रात्री लग्नाचा हॉल. गुलमोहर जांभळा, पिंपळ निळा, आणि त्या निळ्या पिंपळावर बसलेला कावळा रात्री दोन वाजता पहाट झाली की नाही या विचारात. काही ठिकाणी माळा नीट राहाव्यात म्हणून खोडांत खिळेही ठोकले गेले. झाड दिव्यांशिवायही बरं दिसतं, ही बाब बहुधा अंदाजपत्रकात बसत नव्हती. सावलीला दर नसतो आणि फुलांचं मोजमाप पुस्तिकेत चढवता येत नाही. शेवटी २०२४ मध्ये प्रकरण उच्च न्यायालयात गेलं आणि मग दिवे उतरवायला सुरुवात झाली. म्हणजे झाडांना त्यांचा मूळ रंग परत मिळवण्यासाठी वकील लावावा लागला. बांधण्याचं बिल निराळं आणि सोडवण्याचं निराळं, एवढाच यातला अर्थव्यवहार. कलेमुळे अर्थव्यवस्थेला चालना मिळते म्हणतात ती अशी.

रंग लावून शहर बदलता येतं, याचा पुरावा म्हणून आल्बेनियाच्या राजधानीचं नाव हमखास घेतलं जातं. तिरानामध्ये २००० साली एडी रामा नावाचा खराखुरा चित्रकार महापौर झाला. तिजोरी रिकामी, कम्युनिस्ट काळातल्या करड्या इमारती, रस्ते खचलेले. त्यानं इमारती भडक रंगांत रंगवायला घेतल्या. पहिली इमारत नारिंगी झाली तेव्हा रस्त्यावर गर्दी जमली आणि वाहतूक थांबली. पैसे देणाऱ्या युरोपीय संघाच्या अधिकाऱ्यानं हे रंग युरोपीय मानकांत बसत नसल्याची तक्रार केली, हा किस्सा रामा स्वतः रंगवून सांगतो. तो पुढे देशाचा पंतप्रधान झाला. चित्रकार, महापौर, पंतप्रधान! इथवर ऐकलं की आपल्याकडच्या कोणत्याही पुढाऱ्याला ब्रश हातात घ्यावासा वाटणारच.

अडचण एवढीच की त्याच माणसानं लाना नदीच्या काठावरची बेकायदा बांधकामं पाडली, काठ मोकळे केले, झाडं लावली, सार्वजनिक जागा लोकांना परत दिल्या. रंग ही नुसती नांदी होती. हा उत्तरार्ध सांगायची वेळ येते तेव्हा आपल्याकडच्या सादरीकरणात जेवणाची सुट्टी होते. त्यामुळे मिठी नदीच्या काठावरचं काय, हा प्रश्न सुटतो आणि भिंतीवरची नदी मात्र निळीशार होते. तिच्यात मासेही असतात.

आता कलावंताबद्दल. चित्राच्या कोपऱ्यात चित्रकाराची सही असते, असं आम्ही शाळेत शिकलो होतो. सार्वजनिक कलेत ती जागा कधीच भरलेली असते. कुठल्याही सेल्फी पॉइंटपाशी जा. मधे लाल बदाम, त्याच्या दोन बाजूंना वस्तीवरच्या प्रेमाची प्रकाशमान कबुली, आणि वर ‘अमुक यांच्या संकल्पनेतून साकारलेला’. खाली ‘तमुक यांच्या प्रयत्नांतून’. त्याखाली ‘ढमुक यांच्या निधीतून’. मायकेलँजेलोला एवढी माणसं मिळाली असती तर सिस्टाइन चॅपेलचं छत आठवड्यात उरकलं असतं, आणि देवाचं बोट आदमला लागायच्या जागी विभागप्रमुखाचा फोटो आला असता. ज्यानं शिडीवर चढून खरोखर रंगवलं त्याचं नाव मात्र कुठेच नाही. बरोबर आहे. त्याला पैसे चौरस फुटानं मिळतात, आणि सहीची जागा मापातून वजा होते.

(सिनेमाची पोस्टरं हातानं रंगवणारी पिढी या शहरात होती. वीस फुटी नायकाच्या डोळ्यातला अश्रू ते परांचीवर चढून रंगवायचे आणि तो खालून खरा वाटायचा. फ्लेक्स आला आणि त्यांचा धंदा बसला. आता त्याच उंचीवर वाढदिवसाच्या शुभेच्छा असतात. शुभेच्छुकांचे चेहरे उतरत्या मानानं लहान होत जातात, हा दृक्‌भ्रमाचा अभ्यासक्रम शहरात मोफत उपलब्ध आहे. बेकायदा फलकांविरुद्ध उच्च न्यायालयानं २०१७ मध्ये निकाल दिला, त्याबद्दल अभिनंदनाचा फलक लागल्याचं मात्र पाहण्यात नाही.)

खरं तर या सगळ्यावर एक जुना उतारा महापालिकेच्या खिडकीतूनच दिसतो. मुख्यालयाची ती इमारत १८९३ ची, फ्रेडरिक स्टीव्हन्सची. समोरचं रेल्वे स्थानकही त्याचंच, १८७८ ला सुरू होऊन दहा वर्षांत उभं राहिलेलं, आजचं छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस. त्या स्थानकावरचे मोर, माकडं, वेली, पानं, जाळ्या आणि लोखंडी कठडे यांत शेजारच्या जे. जे. कला महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांचा हात आहे. शेजारच्या म्हणजे अक्षरशः शेजारच्या. चालत गेलं तर चहा गार होणार नाही. जे. जे. च्या दुसऱ्या अंगाला क्रॉफर्ड मार्केट, म्हणजे महात्मा जोतिबा फुले मंडई, १८६९ ची. तिच्या दारावरच्या कमानींत शेतात राबणारे शेतकरी दगडात कोरलेले आहेत. ते काम जे. जे. मध्ये शिकवणाऱ्या लॉकवुड किपलिंगचं, त्या रुडयार्डच्या वडिलांचं. भाजी घ्यायला येणाऱ्यानं ती पिकवणाऱ्याच्या खालून आत जायचं, असा तो बेत. १८८२ मध्ये या मंडईत विजेचे दिवे लागले. झाडांना नव्हे, मंडईत. कांदा सडका आहे की चांगला, हे गिऱ्हाइकाला दिसावं म्हणून.

इंग्रजांची आरती ओवाळायचं कारण नाही. पैसा बराचसा कापसाचा होता, अमेरिकेतल्या यादवीमुळे फुगलेला, आणि दगड फोडणारे हात इथलेच होते. शिवाय आपल्या शेठजींना हीच गोष्ट त्याहून चांगली समजली होती. गेलेल्या माणसाच्या नावानं त्यांनी पाणपोया बांधल्या, ज्यांना मुंबईत प्याव म्हणतात. मांडवीच्या बाजूला केशवजी नाईकांचा १८७६ चा प्याव घ्या. खांब, घुमट, नक्षी, वर घड्याळाचा मनोरा, आणि मुळात तहानलेल्यासाठी पाणी. कितीतरी प्यावांना खाली जनावरांसाठी दगडी कुंड असायचं. बैलाला तहान लागते हे ज्या आराखड्यात लिहिलेलं असतं, त्या आराखड्याला आमच्या मते डिझाइन म्हणावं. त्या काळी सुशोभीकरणाचं वेगळं लेखाशीर्ष नव्हतं. मोर स्थानकाच्या बिलात होता, शेतकरी मंडईच्या बिलात आणि नक्षी पाण्याच्या. मोर काढून टाकून स्थानक स्वस्तात झालं नसतं असं नाही. तसं कुणाला सुचलं नाही, इतकंच.

आज जे. जे. च्या मुलांना बोलावतात ते भिंत उभी राहून ओघळ सुटल्यावर. काँक्रीट ओतण्याआधी त्यांना विचारायचं, तर ती मुलं म्हणायची, की साहेब, ही भिंत इथे कशाला?

कलेचा उपयोग होतो तेव्हा तो कसा होतो, हे बघायला त्याच परिसरातला काळा घोडा पुरेसा आहे. सातव्या एडवर्डचा काळ्या घोड्यावरचा पुतळा तिथून १९६५ मध्ये हलवला आणि भायखळ्याच्या राणीच्या बागेत ठेवला. राजा गेला, घोडा गेला, जागेला वाहनतळ मिळाला. नाव राहिलं. अर्धं शतक लोक नसलेल्या घोड्यापाशी भेटत राहिले, यावरून मुंबईकराची कल्पनाशक्ती कळावी. १९५२ पासून तिथे जहांगीर आर्ट गॅलरी होतीच, बाहेर फूटपाथवर चित्रं मांडून बसणारे होते, जवळच वस्तुसंग्रहालय होतं. १९९९ पासून फेब्रुवारीत कला महोत्सव भरू लागला आणि त्यातून परिसराच्या जपणुकीला पैसा मिळू लागला. २०१७ मध्ये नवा घोडा बसवला, या वेळी स्वाराशिवाय. हे शहाणपणाचं झालं. स्वार कोण असावा, यावर एव्हाना आयोग नेमावा लागला असता.

यातून राज्यभरच्या गावांनी धडा घेतला तो एवढाच, की ‘महोत्सव’ हा शब्द लावला की मैदान भाड्यानं जातं. कला महोत्सव म्हणजे दोन रांगांत मोमो, एका रांगेत कुल्फी आणि व्यासपीठावर सत्कार.

देशातली मोठी सार्वजनिक कला म्हणून मुंबई विमानतळाच्या दुसऱ्या टर्मिनलमधल्या ‘जय हे’कडेही बोट दाखवतात. २०१४ पासून तिथे हजारो कलावस्तू आहेत, काम खरोखर देखणं आहे, कारागिरांची दाद द्यावी तेवढी थोडी. फक्त आत जायला तिकीट लागतं, दुबईचं किंवा निदान नागपूरचं. भिंतीपलीकडच्या वस्तीतल्या मुलाला आपल्याच शहराची कला पाहायची, तर आधी शहर सोडायची तयारी दाखवावी लागते.

राहता राहिला फूटपाथ. त्याबद्दल कुणी चित्र काढत नाही, म्हणून आम्ही मनातल्या मनात एका अभियंतासाहेबांना गाठलं. साहेब काल्पनिक आहेत, वॉर्डही काल्पनिक आहे, फक्त पेव्हर ब्लॉक खरे आहेत.

“साहेब, इंडियन रोड्स काँग्रेस म्हणते, चालायला किमान १.८ मीटर मोकळी रुंदी हवी.”

“आहे की. कागदावर दोन आहे.”

“पण त्यात डीपी बॉक्स आहे.”

“वीज नको का?”

“दिशादर्शक फलकाचे दोन खांब.”

“दिशा नको का?”

“झाडाचा कठडा, शोभेचा दिवा, लोखंडी बाक, त्या बाकावर बसलेला फायबरचा गांधीजींचा चष्मा, आणि मधोमध सेल्फी पॉइंट.”

“हे बघा,” साहेब समजुतीच्या सुरात म्हणाले, “तुम्हाला कला पण पाहिजे आणि चालायला पण पाहिजे. असं दोन्ही एका बजेटमध्ये बसत नाही. चालणं हे रस्ते विभागाकडे येतं. आमच्याकडे फक्त सौंदर्य.”

“मग माणसानं चालायचं कुठून?”

“रस्त्यावरून. तिथून आमचं काम जास्त चांगलं दिसतं.”

“आणि मागून बस आली तर? मुलं शाळेत जातात, म्हातारी माणसं असतात, कुणी व्हीलचेअरवर असतं.”

साहेब गंभीर झाले. माणूस वाईट नव्हता. त्यांनी खण उघडून एक रंगीत आराखडा काढला आणि टेबलावर पसरला. रस्त्याच्या कडेला अगदी रुंद, प्रशस्त फूटपाथ होता. कडेचे दगड सरळ, चढ-उतार सौम्य, मधे एकही खांब नाही.

“हा होणार आहे?” आम्ही जवळजवळ ओरडलोच.

“वर्क ऑर्डर निघाली. थ्रीडी आहे. डांबरावरच रंगवून देणार, उंचवटा, सावली, सगळं. पन्नास फुटांवरून ड्रायव्हरला वाटतं खराच आहे, तो गाडी बाजूला घेतो.”

“आणि पावसाळ्यात?”

“पावसाळ्यात पुन्हा रंगवायचा. तीन वर्षांच्या देखभालीसकट दर भरलाय.”