‘फिजिक्सला स्कोप नाही’ म्हणणाऱ्या सरांना खुले पत्र

प्रति,
लातूर-नांदेडच्या ट्युशन एरियात ‘करिअर गायडन्स’ देणारे सर,



तुमच्या केबिनमध्ये उदगीरचा, मुखेडचा, अहमदपूरचा, देगलूरचा बाप येऊन बसतो. सोबत पोरगी असते. ती चाचरत म्हणते, “सर, मला फिजिक्सच शिकायचंय.” तुम्ही मान वर न करता निकाल देता, “प्युअर सायन्सला स्कोप नाही. नीट रिपीट करा.” बाप मुकाट्यानं रिपीटर बॅचची फी भरतो.

सर, ज्या विषयाच्या फीवर तुमच्या इमारतीचे मजले चढले, त्याच विषयाला स्कोप नाही म्हणायला जीभ कशी रेटते? नीटमध्ये फिजिक्सचे ४५ प्रश्न, १८० गुण. तेवढ्यापुरतं ते मोलाचं आणि पेपर संपला की टाकाऊ? “हे असंच का होतं?” असं विचारणाऱ्या पोराला तुम्ही “पेपरात येत नाही” म्हणून खाली बसवलंत. बायोलॉजी आहे ना, मग गणित कशाला, असं सांगून अकरावीलाच गणित सोडायला लावलंत. गणित सुटलं की फिजिक्सचा रस्ता बिकट होतो, हे तुम्हाला पक्कं ठाऊक होतं. त्या बापाला ते सांगितलं नाहीत.

तुम्ही झाकून ठेवलेलं मीच उघड सांगतो. बारावीनंतर पदवी आणि पदव्युत्तर शिक्षण सलग पाच वर्षांत पूर्ण करता येतं. पुण्यात आयसर ही विज्ञान शिक्षण आणि संशोधन संस्था २००६ मध्ये सुरू झाली. आज देशात अशा सात आयसर आहेत आणि तिथं बीएस-एमएस करता येतं. सुरुवातीला सगळी विज्ञानं, मग आवडीचा विषय, शेवटच्या वर्षी स्वतःचं संशोधन. प्रवेशाची आयएटी परीक्षा ६० प्रश्नांची; फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी, गणित प्रत्येकी १५. मुंबई विद्यापीठ आणि अणुऊर्जा विभाग मिळून २००७ पासून सीईबीएस हे मूलभूत विज्ञानाचं केंद्र चालवतात. तिथल्या पाच वर्षांच्या एमएस्सीसाठी आणि भुवनेश्वरच्या नायसर या संस्थेसाठी नेस्ट ही एकच परीक्षा. अभ्यास अकरावी-बारावीचाच. बारावीत अव्वल एक टक्क्यात आलेल्या आणि मूलभूत विज्ञान निवडणाऱ्या मुलांसाठी वर्षाला ८० हजारांची इन्स्पायर शिष्यवृत्ती आहे. सोयाबीनच्या भावावर वर्ष काढणाऱ्या घराला ही रक्कम केवढी, हे लातुरात राहून तुम्हाला कळू नये?

स्कोप बघायचाय ना? नांदेडहून गाडी काढा आणि दीड-दोन तासांत औंढा नागनाथला पोचा. लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा तिथंच उभी राहते आहे. एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळानं तिला २,६०० कोटींची मंजुरी दिली. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजांमधून लेझर फिरणार आणि दूरच्या कृष्णविवरांच्या टकरीनं आलेली गुरुत्वीय लहर पकडणार. त्या लहरीनं भुजेच्या लांबीत पडणारा फरक प्रोटॉनच्या हजाराव्या भागाहूनही कमी असतो. तो मोजायला प्रकाशशास्त्र लागतं, निर्वाततंत्र लागतं, सांख्यिकी लागते. हे सगळं शिकलेली माणसं बाहेरून येतील आणि आपली पोरं गेटवर रखवालीला उभी राहतील, हे तुम्हाला चालणार आहे का? मला चालणार नाही.

आणि किल्लारी? ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे जिथं भूकंप होईल असं कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं, तिथं जमीन हलली आणि हजारो माणसं गाडली गेली. भूपट्टांच्या सीमेपासून इतक्या लांब हे का घडलं, हा फिजिक्सचाच प्रश्न आहे. त्याच्यामागे आयुष्य लावणारं पोर औसा-निलंग्यातून निघावं, असं तुम्हाला एकदाही वाटलं नाही?

डॉक्टर होऊ नका, असं मी कुणालाच म्हणत नाही. लातूर पॅटर्ननं खेड्यातल्या पोरांना मेडिकलपर्यंत नेलं, याचा मला अभिमान आहे. फिजिक्सचा रस्ता लांब आहे, हेही खरं. पाच वर्षांनंतर संशोधनात राहायचं तर पीएचडीची आणखी पाच-सहा वर्षं धरावी लागतात. हेही त्या बापाला सांगा. पण सगळं सांगा. पहाटेपासून रात्रीपर्यंत अभ्यास करून घेण्याची तुमची ताकद मोठी आहे. ती एकाच दाराशी का खर्ची घालता?

मागण्या तीनच. नीटच्या तारखेशेजारी आयएटी आणि नेस्टच्या तारखा फळ्यावर लिहा. ज्याला फिजिक्स आवडतं, त्याला गणित सोडायला लावू नका. रिपीटरची फी घेण्याआधी बाप आणि लेक दोघांना पाच वर्षांच्या या शिक्षणाची माहिती द्या. निर्णय त्यांना घेऊ द्या. मार्गदर्शनाचे पैसे तुम्ही आधीच घेतलेत. आता मार्ग दाखवा.

आपला,
याच जिल्ह्यांतला एक फिजिक्सचा शिक्षक