हजार माणसं, एका झटक्यात

सॉफ्टवेअर तपासायला खोटी माणसं लागतात. खऱ्यांची नावं वापरणं गैर, म्हणून पायथन या संगणकभाषेत 'फेकर' नावाची लायब्ररी आहे. प्रदेश भारत सांगितला की ती मागाल तेवढे भारतीय काढून देते. आमच्या युसूफ वडगावात लाईट असेल तर हजार माणसं चहा गाळेपर्यंत तयार.

तक्रार एवढीच, की त्यांतलं आमच्या केज तालुक्यात खपेल असं माणूस शोधावं लागतं. ती एका यादीतून नाव उचलते, दुसरीतून आडनाव, आणि जोडून मोकळी होते. पंजाबी नावाचं तमिळ आडनावाशी लग्न ती घरच्यांना न विचारता परभारे लावते.

वडील मात्र कुणालाच देत नाही. आमच्याकडे बापाशिवाय नाव अर्धंच. त्यात मराठवाड्यातली मुसलमानांची रीत: 'शेख रफिक शेख बाबू'. 'शेख' दोनदा, तेही आधी. अशी काही नावं मी हाताने भरली, तर पुण्याहून तपासणाऱ्यांचा निरोप आला: 'डेटा संशयास्पद. बऱ्याच जणांचं पहिलं नाव शेखच आहे.'

दुसरी हरकत, एकाच नावाचे तिघे कसे? तिघे नसतील तर ते गाव कसलं? एक मळ्यातला, एक वेशीतला, एक मास्तरचा. टपाल बिनचूक पोचतं. फक्त 'मळ्यातला' हा रकाना फॉर्ममध्ये नाही.

लायब्ररीला 'सीड' म्हणून एक आकडा दिला की दर वेळी तीच माणसं त्याच क्रमाने येतात. कंपनीत याचं फार कौतुक. आमच्याकडे हे काम आजोबा करतात. नातवाला नाव त्यांचंच.

शासनाने 2024 मध्ये ठरवलं, की 1 मे 2014 पासून जन्मलेल्यांचं नाव स्वतःचं, आईचं, वडिलांचं आणि मग आडनाव अशा क्रमाने लिहायचं. फेकरच्या माणसांना ना आई, ना वडील. तरी आमच्या फॉर्ममधून ती पहिल्या फटक्यात पार होतात.

माझा स्वतःचा खराखुरा अर्ज मात्र दर वेळी परत येतो. आधारवर वडिलांचं नाव पूर्ण, सातबाऱ्यावर नुसतं आद्याक्षर. शेरा: 'नावात तफावत.' फेकरच्या माणसांचं बरं आहे. सातबाराच नाही, तर तफावत कुठून निघणार?