उणे नऊचं कारलं

पिंपरी-चिंचवडमध्ये मधुमेह रोज बरा होतो. माणसांचा नव्हे, लॅपटॉपचा.

आकुर्डी, रावेत, ताथवडे या पट्ट्यात फार्मसी आणि बायोटेकच्या कॉलेजांना तोटा नाही. शेवटच्या वर्षाला प्रोजेक्ट लागतो. उंदरांवर प्रयोग करायचा म्हटलं, की समितीची परवानगी, पिंजरे, खाद्य आणि एखादा उंदीर अवेळी गेला तर त्याचा खुलासा. लॅपटॉपचं असं काही नसतं. म्हणून मग ‘इन सिलिको’. म्हणजे सगळा प्रयोग संगणकाच्या पोटात.

कृती सोपी. एक झाड निवडा. कारलं, गुडमार, जांभूळ, सप्तरंगी, काहीही चालेल. आयुर्वेदाने प्रमेहाचे वीस प्रकार सांगून ठेवले आहेत, त्यामुळे प्रस्तावनेचं पहिलं पान आयतं मिळतं. चेन्नईच्या गणितीय विज्ञान संस्थेने ‘इम्पॅट’ नावाचा कोश फुकट खुला केला आहे. त्यात 4,010 भारतीय वनस्पती आणि त्यांतली 17,967 रसायनं आहेत. आपल्या झाडाची त्यातून उचला. मग प्रथिनांच्या जागतिक साठ्यातून अल्फा-ग्लुकोसिडेजचा आकार उतरवून घ्या. हे विकर आतड्यात पिष्टाची साखर करतं. त्याला अडवलं, तर जेवणानंतर साखर रक्तात सावकाश चढते. आता ‘ऑटोडॉक व्हिना’ उघडा, तेही फुकट. प्रथिनाच्या खोबणीभोवती चौकट आखा, एंटर दाबा आणि चहाला जा. मध्येच वीज गेली नसेल, तर परत येईपर्यंत नऊ ओळींचा तक्ता तयार असतो. पहिल्या ओळीत उणे नऊ पूर्णांक काहीतरी. आकडा जितका उणे, तितकी रेणूची पकड घट्ट. उणे गुण मिळाले म्हणून पेढे वाटायची सोय जगात फक्त याच परीक्षेत आहे. तेही मधुमेहाच्या.

त्या पेढ्यात एक खडा आहे. या हिशेबात 1.4 किलोकॅलरीचा फरक म्हणजे पकडीत दहापट फरक. आणि असल्या सॉफ्टवेअरचा अंदाज दोन-अडीच किलोकॅलरींनी चुकणं ही नेहमीची गोष्ट. म्हणजे उणे 9.1 वालं कारलं उणे 8.6 वाल्या मेथीपेक्षा सरस, हे म्हणणं किराणा दुकानाच्या तराजूवर अंगठी तोलण्यासारखं आहे. पण प्रबंधात दशांश चिन्ह असलं की परीक्षकाचं समाधान होतं.

दुसरी गंमत ‘नेटवर्क फार्माकॉलॉजी’ची. 2007 साली अँड्र्यू हॉपकिन्स यांनी हे नाव रूढ केलं. कल्पना चांगली आहे. झाडात एकच रसायन नसतं, शरीरात एकच बिघाड नसतो, तेव्हा सगळं जाळं एकत्र पाहा. पुणे विद्यापीठात भूषण पटवर्धन आणि सहकाऱ्यांनी त्रिफळ्यावर असं जाळं विणून दाखवलं, तेही विचारपूर्वक. पुढे त्याचा साचा तयार झाला. झाड कुठलंही घाला, रसायनांत क्वेर्सेटिन, केम्फेरॉल आणि बीटा-सिटोस्टेरॉल निघणार, कारण ती जवळपास प्रत्येक पाल्यात असतात. लक्ष्य-प्रथिनांत एकेटी-1, टीएनएफ आणि आयएल-6 निघणार, कारण ती जवळपास प्रत्येक आजारात असतात. मग गोल-गोल रंगीत जाळ्याचं चित्र. झाडाचं नाव झाकलं, तर कारलं कुठलं आणि कडुनिंब कुठला, हे लेखकालाही ओळखता येणार नाही.

संगणकाला आणखी काय कळत नाही? मात्रा कळत नाही. रेणू पोटातून रक्तात पोहोचेल की यकृतातच त्याचा निकाल लागेल, याचा तो फार तर अंदाज बांधतो. हळदीतलं कर्क्युमिन पडद्यावर जवळपास सगळ्यांना चिकटतं आणि पोटातून रक्तात जेमतेम उतरतं. आणि संगणकाला कडू लागत नाही. 2010 साली दिल्लीत सीएसआयआरच्या एका शास्त्रज्ञाचा दुधी-कारल्याचा रस प्यायल्यावर मृत्यू झाला. दुधी कडू निघाला होता. त्यानंतर आयसीएमआरच्या समितीने सांगितलं, रस कडू लागला तर पिऊ नका. आपल्याकडे मात्र सकाळी बागेबाहेर जो रस जास्त कडू, तोच जास्त गुणकारी. त्या रसवाल्याच्या फलकावर आता ‘संशोधनाने सिद्ध’ अशी ओळ चढते. ती येते या नऊ ओळींच्या तक्त्यातूनच, दोन-तीन फॉरवर्डचा प्रवास करून.

पिंपळे सौदागरच्या गॅलऱ्यांत कुंडीतून ‘इन्सुलिन’ नावाचं झाड उगवतं, ते वेगळंच. त्या झाडात इन्सुलिन नाही. असतं तरी उपयोग नव्हता, कारण इन्सुलिन हे प्रथिन आहे आणि पोट ते डाळीसारखं पचवून टाकतं. म्हणून तर बिचारे लोक सुई टोचून घेतात.

याचा अर्थ झाडपाला खोटा, असं मुळीच नाही. गुडमारचं पान चावून साखर खाल्ली, तर तोंडात वाळू आल्यासारखी लागते. हा प्रयोग कुणीही करून पाहावा. जपानी रसायनज्ञांनी 1997 साली आपल्या सप्तरंगीच्या श्रीलंकेतल्या बहिणीच्या मुळांतून सालासिनॉल काढलं, ते अल्फा-ग्लुकोसिडेजला खरोखर अडवतं. बिवळ्याच्या लाकडाची आयसीएमआरने माणसांवर चाचणी घेतली. 1998 साली छापून आलं, की 12 आठवड्यांत 97 पैकी 67 जणांची साखर आटोक्यात आली. तुलनेला दुसरा गट नव्हता, म्हणून शेवटचा शब्द तोही नव्हे. पण निदान त्या 97 जणांना पोट होतं, यकृत होतं.

आणि चाकणच्या कँटीनमध्ये तिसऱ्या पाळीचा ऑपरेटर वडापावानंतर जी मेटफॉर्मिन घेतो, तिचं मूळही झाडातच आहे. गॅलेगा नावाच्या युरोपीय झुडपातल्या रसायनावरून तिचा माग निघाला. 1922 साली ती प्रयोगशाळेत बनली आणि 1957 साली पॅरिसच्या जाँ स्टर्न यांनी ती मधुमेहाच्या रुग्णांना देऊन पाहिली. मध्ये 35 वर्षं गेली. ही गोळी ‘केमिकल’ आहे म्हणून सोडून देणारा, आणि कुंडीतलं पान ‘नॅचरल’ म्हणून चघळणारा इसम आपल्या सोसायटीत एक तरी असतोच. बहुधा सेक्रेटरी.

संगणकाचं खरं काम गाळणीचं आहे. हजारो रेणूंतून वीस निवडून द्यायचे, बाकीच्यांवरचा पैसा आणि उंदीर वाचवायचे. हे काम तो झकास करतो. तक्रार एवढीच, की आपण गाळणीलाच चहा म्हणून पितो आहोत.

निदान या शहराला तरी हे समजावून सांगावं लागू नये. इथे गाडी आधी संगणकावर शंभरदा आपटतात. तरीही चाकणला एआरएआय या वाहन-संशोधन संस्थेची टक्कर-चाचणीची प्रयोगशाळा आहेच. भारत एनकॅपचे सुरक्षेचे तारे हवे असतील, तर खरी गाडी ताशी 64 किलोमीटरने खऱ्या अडथळ्यावर घालावी लागते. पडद्यावर एअरबॅग उघडली, म्हणून कुणी तारे देत नाही.

आणि औषधाचं म्हणाल, तर हिंदुस्तान अँटिबायोटिक्स म्हणजे एच.ए. कंपनी याच पिंपरीत 1954 साली उभी राहिली, जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफच्या मदतीने, देशाचं स्वतःचं पेनिसिलिन बनवायला. साठच्या दशकात तिथल्या थिरुमलाचार आणि सहकाऱ्यांनी मातीतल्या जंतूतून बुरशीवरचं हॅमायसिन हे औषध काढलं. त्या जंतूचं नावच ‘स्ट्रेप्टोमायसिस पिंपरिना’. जंतू वाढवला, रस काढला, बुरशीवर घातला, मरते का ते पाहिलं. सॉफ्टवेअर नव्हतं, त्यामुळे खरं काम करण्यावाचून इलाज नव्हता.

देशात 10 कोटींवर मधुमेही असल्याचं आयसीएमआरने 2023 साली सांगितलं. त्यांच्यासाठी कारल्याची नीट चाचणी व्हायलाच हवी. तोवर एक छोटा नियम करावा. अशा प्रत्येक शोधनिबंधाच्या पहिल्या पानावर सिगारेटच्या पाकिटावर असतो तसा ठळक इशारा छापावा: ‘या औषधाने आजवर एकाच लॅपटॉपची साखर उतरली आहे. तो लॅपटॉपही मधुमेही नव्हता.’